दिवस गेलेली बाई आमच्या साहित्यात कोठे आहे?

म्हसावदला दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते वाचनाची बैठक घेतो. गेल्या खेपेला शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'वर मी बोललो. बोलणे संपल्यावर मागे बसलेली एक भिल्ल विद्यार्थिनी उभी राहिली. म्हणाली, "सर, त्या मुलाचं दुःख कळलं. पण ते पोटात होतं तेव्हा त्याच्या आईला काय वाटत होतं, ते कुठं लिहिलंय?" मला उत्तर देता आले नाही. वीस वर्षे मी हे पुस्तक शिकवतो आहे आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

तिचा प्रश्न पुस्तकी नव्हता. तिची वहिनी दोन दिवसांनी ऊसतोडीच्या टोळीबरोबर गुजरातेत निघायची होती. दिवस गेल्याचे ऐन दिवाळीत कळले होते. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली आणि खर्चून गेलेली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. बाई मागे राहिली की कोयता मोडतो, उचल मात्र अंगावर तशीच राहते. घरात सणाचा दिवा आणि अंगणात बांधलेले बोचके, यांच्यामध्ये त्या बाईने निर्णय घ्यायचा होता.

आता कायदा पाहू. गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. पुढे चोवीस आठवड्यांपर्यंत, ठरावीक कारणांसाठी, दोघांचे मत लागते. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची सही लागत नाही. पण दिवाळी ते होळी म्हणजे सुमारे एकोणीस आठवडे. दिवाळीत दोन महिने झालेली बाई होळीला परतते तेव्हा सत्तावीस आठवडे उलटलेले असतात. कायद्याचे आठवडे संपतात आणि हंगामाचे संपत नाहीत. मूल हवे असले तरी तोच पेच. आदिवासी भागातील गरोदर बायांसाठी २०१५ पासून अंगणवाडीत अमृत आहाराचे जेवण आहे. ते शिजते गावात आणि बाई असते उसाच्या फडात.

हे वास्तव मनात ठेवून मी आमची पुस्तके पुन्हा उघडली. 'अक्करमाशी' (१९८४) हा बापाचे नाव नाकारल्या गेलेल्या मुलाचा आक्रोश आहे. त्याचे मोल मी कमी करत नाही. परंतु मसामाय तेथे मुलाच्या डोळ्यांतून दिसते. पाटलाकडून तिला दिवस गेले तेव्हाची तिची भीती, तिचा हिशेब, कदाचित तिची ओढ, यांना त्या पुस्तकात आवाज नाही. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) महारवाड्यातील बाळंतिणीची भूक आणि बाळंतपणातील मरण इतक्या उघड्या शब्दांत सांगते की वाचणाऱ्याची मान खाली जाते. पण तेथे बोलणारा 'आम्ही' आहे आणि दुःख सगळ्या वस्तीचे आहे. 'मला हे मूल आत्ता हवे आहे का?' हे विचारणारी 'मी' तेथे क्वचितच भेटते. उर्मिला पवार यांच्या 'आयदान'ने (२००३) बाईच्या शरीराविषयी आणि संसाराविषयी मोकळेपणाने बोलून एक दार किलकिले केले. त्या दारातून आमची समीक्षा आत गेली नाही. आम्ही जन्माची जात मोजली, जन्माआधीचे नऊ महिने सोडून दिले.

कोणी म्हणेल, हा खाजगी प्रश्न आहे, चळवळीचा नव्हे. बाबासाहेबांना तो खाजगी वाटला नव्हता. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात ते कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बाजूने बोलले. १९३४ साली र. धों. कर्व्यांचा खटला त्यांनी लढवला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी विधानसभेत मांडला. तो फेटाळला गेला. सभागृहाने तेव्हा फेटाळले, ते आमच्या लेखणीनेही उचलले नाही.

आदिवासींविषयी लिहिणाऱ्यांचा दोष वेगळा आहे. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार म्हटले की शहरी लेखकाला रंग, ढोल आणि पळून जाणारी जोडपी दिसतात. या वर्णनाला आदिवासींनीच आक्षेप घेतला आहे. त्याच होळीला फडावरून पोट घेऊन परतणारी बाई मात्र त्याला दिसत नाही. वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' या कवितेत आदिवासींना मंचाखाली ठेवून त्यांचे दुःख मंचावरून सांगणाऱ्यांना जाब विचारला. तोच जाब आम्हा पुरुष लेखक-समीक्षकांनाही लागू आहे.

ही भूमी शहाद्याच्या लढ्याची आहे. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली आणि बायांनी दारूची मडकी फोडली, मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. दारू आणि मारझोड घरातल्याच गोष्टी होत्या. त्या बायांनी त्या चव्हाट्यावर आणल्या म्हणून त्या राजकीय झाल्या. गर्भाशयाचे तसे झाले नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांतील १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा नको म्हणून अवयवच काढायचा, इथपर्यंत गोष्ट गेली आणि साहित्यात त्याचा पुरेसा आवाज उठला नाही.

म्हणून मला सहानुभूतीच्या आणखी कविता नकोत. दिवस गेल्याचे कळल्यापासून निर्णय होईपर्यंतचा काळ सांगणारे गद्य हवे आहे. त्यात उचलीचा आकडा असेल, सासूचे बोलणे असेल, मूल ठेवण्याचा आनंदही असेल आणि न ठेवण्याची सुटकाही. 'आई' या शब्दाला ओवाळून आम्ही हा काळ झाकला आहे.

ती वहिनी टोळीबरोबर गेली. तिने काय ठरवले ते मला ठाऊक आहे. पण ते येथे लिहिण्याचा अधिकार मला नाही. तो तिचा आहे. तिची नणंद आता लिहू-वाचू लागली आहे, आणि पुढच्या बैठकीत बोलायला मी उभा राहणार नाही, ती राहील.