जाणणे आणि चाखणे : 'योगसंग्राम' वाचताना

मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाची सुरुवात १९९० साली सोलापुरात झाली. तेव्हापासून आपल्या भाषणांत शेख महंमदांचे नाव हमखास येते. "तुम्ही मराठीत कसे काय?" असे कोणी विचारले की आम्ही ते नाव ओळखपत्रासारखे पुढे करतो. परंतु 'योगसंग्राम' आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे? आम्हीही तो न वाचताच त्याविषयी बोललो आहोत, हे आधी कबूल करतो.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी हा ग्रंथ १६४५ साली पुरा केला. परंपरा त्यांना चांद बोधल्यांचे शिष्य मानते. हा अठरा प्रसंगांचा ओवीबद्ध ग्रंथ वा. सी. बेंद्रे यांच्या संपादनामुळे अभ्यासकांच्या हाती आला. नावातला संग्राम स्वतःच्या मनाशी, काम-क्रोधादी शत्रूंशी आहे. आपल्याकडच्या 'जिहादे अकबर'शी त्याचे नाते चटकन जुळते.

मध्यंतरी घाटकोपरला एका घरी आम्ही काही प्रसंग वाचले. वाचनानंतर चर्चा रंगली. 'वहदतुल वुजूद' आणि अद्वैत यांत साम्य किती, फरक कुठे, यावर आम्ही तासभर बोललो. घरी शिलाईकाम करणाऱ्या एक खाला कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सगळं एकच आहे, हे कळलं. पण मी नमाजाला उभी राहिले की डोक्यात कपड्यांचा हिशेब चालू होतो. त्याचं काय करायचं?" आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते.

ग्रंथाचा खरा विषय खालांच्या प्रश्नात होता. इमाम गझालींनी १०९५ साली बगदादच्या निजामियातली मानाची जागा सोडली, तीही याच पेचातून. आरोग्याची व्याख्या पाठ असणे वेगळे आणि निरोगी असणे वेगळे, असे त्यांनी म्हटले आहे. सूफी ज्याला 'जौक' म्हणतात, ती ही चव. शेख महंमदांनंतर दहा वर्षांनी, १६५५ साली, दारा शुकोहने 'मज्मउल् बहरैन' लिहून सूफी आणि वेदान्ती संज्ञांची सांगड घातली. ते काम मोठेच आहे. पण संज्ञा जुळल्या म्हणून मन जुळत नाही. शेख महंमद वाचकाला त्याच्याच मनाच्या रणात उतरवतात.

तथापि अनुभवाच्या नावाखालीही फसवणूक होते. "विचारू नका, अनुभव घ्या" म्हणत नजराणे गोळा करणारे बाबा आणि पीर आपल्या उपनगरांतही कमी नाहीत. शेख महंमदांनी दांभिक गुरूंवर कठोर प्रहार केले आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. अनुभव सांगून सिद्ध होत नाही. राग, लोभ किती उतरला, यावरून तो ओळखावा लागतो. आणि ती पारख करायला बुद्धीच लागते. म्हणून आम्ही अनुभवाला बुद्धीचा वैरी मानत नाही.

ग्रंथात उणिवा आहेत. रूपके लांबतात, योगाची परिभाषा आजच्या वाचकाला अडवते, विषय पुन्हा पुन्हा येतो. पण न वाचण्याचे कारण तेवढेच नाही. रा. चिं. ढेरे यांचे 'मुसलमान मराठी संतकवी' हे पुस्तक १९६७ साली आले. त्यातून आपण नावे घेतली आणि तेथेच थांबलो. बाहेरच्यांना शेख महंमद ऐक्याच्या भाषणापुरते हवे असतात, आपल्याला मराठीपणाच्या पुराव्यापुरते. त्यांच्या स्थानाला मंदिर म्हणावे की दर्गा, यावर भांडणारे तर ग्रंथ उघडतही नाहीत.

निवडक प्रसंगांची, दोन्ही परंपरांतल्या शब्दांचे सोपे अर्थ देणारी आवृत्ती आपल्या अभ्यासकांनी काढावी. ती आधी त्या खालांना वाचून दाखवावी. त्यांना आपला प्रश्न तिच्यात सापडला, तर आपली समीक्षा कामी आली असे आम्ही समजू.