‘कृषी’ आणि ‘शेत’ : जिल्हा परिषदेच्या अधिकारभाषेची चिकित्सा

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. वसंतराव नाईक समितीच्या १९६१ च्या अहवालास अनुसरून झालेल्या या रचनेची चर्चा बहुधा राज्यशास्त्राच्या अंगाने होते. तथापि ज्या कायद्याने ही संस्था निर्माण केली त्याची शब्दयोजना तपासून पाहिली असता, शेतीविषयक धोरणातील एक मूलभूत उणीव दृष्टीस पडते. ती ‘कृषी’ आणि ‘शेत’ या दोन शब्दांमधील अंतरात सामावलेली आहे.

‘कृषी’ हा शब्द ‘कृष्’, म्हणजे नांगरणे, या धातूपासून सिद्ध झाला असून तो क्रियेचा वाचक आहे. ‘शेत’ हा संस्कृत ‘क्षेत्र’ शब्दापासून प्राकृत ‘छेत्त’ या रूपाच्या द्वारे मराठीत आला. तो स्थळाचा वाचक आहे. नागपूरकडील शेतकरी ज्याला ‘वावर’ म्हणतो तेही स्थळच होय. परंतु बोलीत या दोहोंची फारकत होत नाही. ‘वावर गेलं’ असे म्हटले की शेती गेली हे वेगळे सांगावे लागत नाही. कायद्याने मात्र ही फारकत केली आहे.

१९६१ च्या अधिनियमाने कृषी हा विषय जिल्हा परिषदेच्या सूचीत घातला आणि त्यासाठी स्वतंत्र कृषी समितीची तरतूद केली. बियाणे, अवजारे, खते, सुधारलेल्या पद्धतींचा प्रसार ही तिची कामे. आणि तीही जिल्हा निधी पुरेल तेथवरच करावयाची. जमीन शेतीखाली राहावी की न राहावी, हा प्रश्न या सूचीत बसत नाही. तो महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम ४४ ने जिल्हाधिकाऱ्याकडे सोपविला. २०१४ पासूनच्या सुधारणांनी विकास आराखड्यांत आलेल्या जमिनींपुरती परवानगीची अट सैल झाली, तेव्हा निर्णयाचे वजन नियोजन प्राधिकरणांकडे सरकले. नागपूर जिल्ह्यात असे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१७ मध्ये स्थापन झाले. अधिकार एका कचेरीतून दुसरीत गेला. जिल्हा परिषदेचे स्थान मात्र पूर्ववतच राहिले.

‘अकृषिक’ ही संज्ञाही विचारार्ह आहे. शाळा, गोदाम, कारखाना, भूखंडांची वसाहत हे सर्व उपयोग तिच्यात एकाच नकाराखाली येतात. जमीन काय राहिली नाही एवढेच तीवरून कळते. ती काय झाली हे कळत नाही. लोकव्यवहारात या संज्ञेची जागा ‘एन. ए.’ या आद्याक्षरांनी घेतली. ‘एन. ए. प्लॉट’ अशी जाहिरात होते तेव्हा मूळचा नकार लोपून त्या जागी प्रशस्ती येते. अर्थपरिवर्तनाचे हे उदाहरण भाषाशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय असले, तरी त्याचा परिणाम केवळ भाषिक नाही.

काटोल-नरखेड भागातील संत्र्याच्या बागेस फळ येण्यास सामान्यतः चार-पाच वर्षे लागतात. अशा पिकास साहाय्य देणारी कोणतीही योजना जमीन शेतीखालीच राहील हे गृहीत धरते. हे गृहीतक खरे ठरविण्याचे साधन मात्र कृषी समितीच्या हाती नाही. शहराच्या दक्षिणेस मिहान प्रकल्पासाठी शिवणगाव, खापरी आदी गावांच्या जमिनी गेल्या. तेथे बी-बियाण्याचे धोरण कितीही उत्तम असते, तरी ते पेरावयाचे कोठे, हा प्रश्न उरतोच.

याविरुद्ध असा आक्षेप संभवतो की, महसुली अभिलेखांत एकसूत्रता हवी, आणि स्थानिक प्रतिनिधींचे भूखंडांच्या व्यवहारात हितसंबंध असू शकतात. जिल्हाधिकाऱ्यास जिल्हा परिषदेबाहेर ठेवण्याची रचना नाईक समितीच्या विचारातूनच आली. आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्याने अंतिम निर्णयाचा अधिकार न देण्याचे समर्थन होते, मत न विचारण्याचे होत नाही. भूसंपादनाच्या २०१३ च्या केंद्रीय कायद्याने सामाजिक परिणामांच्या अभ्यासात पंचायतीशी विचारविनिमयाची तरतूद केली. खासगी रूपांतरास ती लागू नाही. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत कृषीबरोबर भूमी-सुधारणा व मृद्‌संधारण हे विषयही घातले. पण ते प्रत्यक्ष देणे राज्य विधिमंडळाच्या इच्छेवर ठेवले. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने १९७३ च्या कायद्यान्वये नियोजनाची उद्दिष्टे स्वतः ठरविली आणि त्यांनुसार शेतजमिनीची क्षेत्रे आखण्याचे काम काउंटींवर सोपविले. राज्याचे नियंत्रण आणि स्थानिक सहभाग परस्परविरोधी नाहीत, हे यावरून दिसते.

तेव्हा अपेक्षा माफक आहे. शेतजमिनीचा उपयोग बदलताना वा तिच्यावर आराखडा आखताना कृषी समितीचे मत घेणे बंधनकारक असावे, आणि ते अमान्य केल्यास कारणे लेखी नमूद व्हावीत. तसे झाल्यास जिल्हा परिषदेचा ‘ठराव’ हा ‘आदेश’ होणार नाही; परंतु त्यास उत्तर देणे कोणावर तरी बंधनकारक होईल. ज्या संस्थेकडे कृषी सोपविली तिला शेताविषयी बोलण्याचा अधिकार नसावा, ही विसंगती दूर करण्यास एवढेही पुरेसे आहे.