आवडते परके शब्द आणि मागे राहिलेली क्रियापदं

आजचा विषय ऐकायला हलका आहे: परक्या भाषांतले आपले आवडते शब्द. पण गेल्या काही वर्षांत या आवडीचं एक छोटं वाङ्मयच तयार झालंय, आणि वाङ्मय म्हटलं की त्याची समीक्षाही आली. त्यामुळे माझ्या आवडत्या शब्दांची यादी मी आज वाचणार नाही. शेवटी एखादा सांगेन. आधी या आवडीकडेच जरा निरखून बघू या.

तुम्ही त्या याद्या पाहिल्या असतील. 'भाषांतर न होणारे अमुक इतके शब्द'. त्यात जर्मन शाडनफ्रॉयड असतो, पोर्तुगीज सौदाद असतो, डॅनिश ह्यूगं, जपानी वाबी-साबी आणि इकिगाई असतात. शब्द, शेजारी एक सुंदर चित्र, आणि खाली एका वाक्यात अर्थ. म्हणजे वर लिहायचं की भाषांतर होत नाही, आणि लगेच खाली ते करून दाखवायचं! असो, तो काही मोठा गुन्हा नाही.

माझा आक्षेप दुसराच आहे. या याद्या पुन्हा एकदा बघा. त्यात जवळपास सगळी नामं असतात. क्रियापद क्वचित, आणि अव्यय तर औषधालाही सापडत नाही. असं का? नाम उचलून आणायला सोपं असतं. प्रवासातून आणलेली शोभेची वस्तू जशी कपाटात ठेवता येते, तसं ते कुठेही ठेवता येतं. क्रियापद आणायचं तर त्याचा कर्ता, कर्म, काळ, सगळं खटलं बरोबर आणावं लागतं. आणि भाषेतला विचार, माझ्या मते, बराचसा त्या खटल्यात राहतो.

शाडनफ्रॉयड घ्या. 'शाडन' म्हणजे नुकसान, 'फ्रॉयड' म्हणजे आनंद. दुसऱ्याच्या नुकसानीत वाटणारा आनंद. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रिचर्ड ट्रेंच नावाच्या अँग्लिकन धर्मपंडितानं शब्दांवर पुस्तक लिहिलं, त्यात त्याला हीच गोष्ट भयंकर वाटली की एखाद्या भाषेत अशा भावनेसाठी शब्द असावा. जर्मन शब्दाबरोबर त्यानं ग्रीक शब्दही दिला होता, एपिखायरेकाकिया. तो ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात येतो. म्हणजे ही काही जर्मनांची मक्तेदारी नव्हे.

आणि मराठीत? नाम नाही, हे खरं. पण गल्लीतल्या कोणत्याही पोराला विचारा. तो म्हणेल, "बरी जिरली!" आपल्याकडे ही भावना क्रियापदात राहते, म्हणून ती कोणाच्या यादीत जात नाही. पाणी जमिनीत जिरतं, अन्न पोटात जिरतं, आणि माणसाची... काय जिरते? ते आपण सांगतसुद्धा नाही. स्त्रीलिंगी काहीतरी असतं: मस्ती, घमेंड, रग. ते न सांगताच सगळ्यांना कळतं. आता इथे एक बारीक गोष्ट बघा. जर्मन शब्दात समोरच्याची चूक असावी लागत नाही. त्याचं नुकसान झालं, मला बरं वाटलं, संपलं. मराठीत मात्र 'जिरली' म्हणताना आपण निवाडाही देऊन टाकतो, की त्याला माज होता आणि जे झालं ते योग्यच झालं. आपला आनंद आपण आधीच न्यायाच्या खात्यात जमा करून ठेवलेला असतो. हा फरक मला मोलाचा वाटतो. जर्मन शब्द कपाटात ठेवला असता तर तो कळला नसता. आपल्या क्रियापदाशेजारी आणून उभा केला तेव्हा कळला. आणि त्यात आपल्याबद्दल थोडं अडचणीचंही कळलं.

आता इकिगाई. याच्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. २०१६ च्या सुमाराला आलेल्या पुस्तकानंतर हा शब्द घरोघरी गेला, मराठीतही ते पुस्तक आलं. त्याबरोबर एक आकृती फिरते: चार वर्तुळं. तुम्हाला काय आवडतं, तुम्हाला काय चांगलं जमतं, जगाला कशाची गरज आहे, आणि कशाचे पैसे मिळतील. चारही जिथे एकमेकांवर येतात तिथे मधोमध इकिगाई. ही आकृती जपानी नाही. तशीच आकृती आधी स्पेनमध्ये फिरत होती आणि तिच्या मध्यभागी 'उद्देश' या अर्थाचा शब्द होता. २०१४ मध्ये एका ब्रिटिश ब्लॉगलेखकानं तो शब्द काढून तिथे इकिगाई घातला. झालं! प्राचीन जपानी रहस्य तयार.

जपानीत या शब्दाचे दोन भाग आहेत. 'इकि' जगण्याचा, आणि 'काई' म्हणजे सार्थक, मोल. जोडताना 'क'चा 'ग' होतो. हा 'गाई' इतर क्रियापदांनाही लागतो. 'यारिगाई' म्हणजे करण्यातलं सार्थक, 'हाताराकिगाई' म्हणजे कामातलं. म्हणजे हा एकुलता एक गूढ शब्द नाही, ती शब्द घडवण्याची एक रीत आहे. आपल्याकडे 'जोगं' आहे तसं. पाहण्याजोगं, ऐकण्याजोगं, करण्याजोगं. मग इकिगाई म्हणजे जगण्याजोगं काहीतरी. बघा, किती साधं झालं. सकाळी चहा घेऊन गॅलरीत उभं राहणं हेसुद्धा त्यात बसतं, त्याला वर्तुळं लागत नाहीत.

हा प्रश्न गंभीरपणे मांडला तो मिएको कामिया यांनी. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या, आणि नागाशिमा या बेटावरच्या कुष्ठरुग्णालयात काम करत. १९६६ मध्ये त्यांचं इकिगाईवरचं पुस्तक आलं. ज्यांना घरादारापासून तोडून बेटावर आणून ठेवलंय, त्यांच्यापैकी काहींचं जगणं रिकामं होऊन जातं आणि काहींचं भरलेलं राहतं, हे कशानं, असा तो शोध होता. आता त्या बेटावरच्या माणसापुढे ती चार वर्तुळं ठेवा. चौथ्या वर्तुळाशी तो अडकणार. 'कशाचे पैसे मिळतील' या प्रश्नाला त्याच्याकडे काय उत्तर असणार? म्हणजे ज्या माणसांमुळे हा शब्द विचाराचा विषय झाला, नेमक्या त्यांनाच ही आकृती दाराबाहेर ठेवते. समोर बसलेल्या पेन्शनरांनाही ठेवते, पण आपलं जाऊ द्या. जाता जाता सांगते, 'पगार' हा आपला शब्द पोर्तुगीज आहे. मुळात क्रियापद: पैसे चुकते करणे. तो कोणी आवडत्या परक्या शब्दांत सांगत नाही. महिन्याच्या एक तारखेला त्याच्याइतका आवडता शब्द दुसरा नसतो!

आता माझ्या विषयाकडे, तत्त्वज्ञानाकडे येते. इथे शब्दांचं प्रेम नुसतं हौसेचं राहत नाही, त्याचे परिणाम होतात.

हेगेलचा एक आवडता शब्द आहे, 'आउफहेबन'. हे क्रियापद आहे, आणि अगदी घरगुती. जर्मन आई मुलाला खाली पडलेलं खेळणं उचलायला सांगते तेव्हा हेच क्रियापद वापरते. उरलेलं जेवण उद्यासाठी ठेवायचं, तेव्हाही हेच. आणि सरकार बंदी उठवतं, न्यायालय निकाल रद्द करतं, तेव्हाही हेच. उचलणं, जपून ठेवणं आणि रद्द करणं, तिन्ही अर्थ एकाच क्रियापदात. 'तर्कशास्त्राचं विज्ञान' हा हेगेलचा ग्रंथ १८१२ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्यात त्यानं या शब्दावर स्वतंत्र टीप लिहिली आहे. एकाच शब्दात परस्परविरुद्ध अर्थ सापडतात याचा त्याला मनापासून आनंद झालेला दिसतो. त्याला हवं होतं तेच भाषेनं आयतं हातात ठेवलं होतं. आधीची अवस्था रद्द होते, पण नाहीशी होत नाही. वरच्या पायरीवर उचलली जाते आणि तिथे जपली जाते. कळी, फूल आणि फळ हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण.

हा शब्द भाषांतर न होणाऱ्यांचा राजा मानला जातो. पण खुद्द हेगेलनंच लॅटिनमधल्या 'तोलेरे' या क्रियापदाची आठवण काढली आहे. सिसेरोच्या नावावर एक कोटी आहे, की तरुण ऑक्टेव्हियनला 'उचललं पाहिजे'. वर चढवलं पाहिजे, असाही अर्थ आणि दूर केलं पाहिजे, असाही. आणि मराठीत बघा. आपण आवाज उठवतो, झोपलेल्याला उठवतो, आणि बंदी उठवतो, स्थगितीही उठवतो. वर करणं आणि रद्द करणं एकाच क्रियापदात आलं की नाही? राहिलं जपून ठेवणं. तर "एवढी पोळी उचलून ठेव गं", हे वाक्य कोणत्या स्वयंपाकघरात ऐकू येत नाही? 'उठवणं' आणि 'उचलून ठेवणं', या दोन क्रियापदांत हेगेलचं सगळं सामान बसतं. एकात बसत नाही, हे कबूल. पण मला तो फायदाच वाटतो. हेगेल मराठीत समजावताना प्रत्येक ठिकाणी थांबून विचारावं लागतं: इथे उठवलं आहे की उचलून ठेवलं आहे? जर्मन वाचक हा प्रश्न न विचारता पुढे जाऊ शकतो, कारण क्रियापद एकच आहे.

आणि इथेच माझी हेगेलविषयीची जुनी तक्रार आहे. जे रद्द झालं ते जपलंही गेलं, हे प्रत्येक वेळी दाखवून द्यावं लागतं. क्रियापदाला दोन अर्थ आहेत, हा काही त्याचा पुरावा नव्हे. एखादा शब्द फार आवडला की युक्तिवादाचं काम आपण हळूच त्याच्या गळ्यात घालतो. मोठ्या माणसाचंही असं होतं.

याचं दुसरं टोक आपल्याकडे आहे. इंग्रजीत 'आउफहेबन'साठी 'सब्लेशन' हा शब्द रूढ झाला. तो त्याच लॅटिन 'तोलेरे'च्या रूपावरून आला. आणि इंग्रजीत वेदान्त लिहिणाऱ्या अनेकांनी 'बाध' या संज्ञेसाठीही 'सब्लेशन'च वापरला. परिणाम काय झाला? विद्यार्थी दोन्ही विषय इंग्रजी पुस्तकांतून वाचतात. वर्षानुवर्षं उत्तरपत्रिकांत मी हे वाक्य पाहिलं, की हेगेलनं जे सांगितलं ते शंकराचार्यांनी हजार वर्षं आधीच सांगून ठेवलं होतं. अभिमानानं लिहिलेलं असायचं.

दोरीवर साप दिसतो. दिवा आणला, दोरी कळली, सापाचा बाध झाला. आता त्या सापातलं काय जपलं गेलं? काहीही नाही. तो आधी होता आणि मग गेला, असंही नाही. तो तिथे कधी नव्हताच. तिन्ही काळांत नव्हता, हेच अद्वैत्याचं म्हणणं आहे. कळी मात्र होती. कळीशिवाय फूल आणि फुलाशिवाय फळ येत नाही. दोरी व्हायला सापाची गरज नसते. हा फरक लहान नाही. जगाकडे बघण्याच्या दोन दृष्टी इथे अलग होतात. घडून गेलेल्याला काही मोल आहे की नाही, इतका मोठा प्रश्न त्यात आहे. आणि तो एका उसन्या शब्दाखाली झाकला गेला. एलियट डॉइच यांनी १९६९ मधल्या अद्वैतावरच्या पुस्तकात 'बाध'साठी 'सब्रेशन' असा निराळाच शब्द वापरला. कानाला विचित्र लागतो, पण त्यामुळे वाचक हेगेलकडे वळत नाही. मी तरी तो सोयीचा मानते. (आणि आपल्या मराठी विद्यार्थ्याची आणखी एक अडचण: 'बाध' म्हटलं की त्याला भूतबाधा आठवते, नाहीतर रात्री खाल्लेलं दही बाधलं ते!)

मग परके शब्द घेऊच नयेत का? छे! आपण किती घेतले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हा कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. त्याचा भर होता नामांवर. आणि आज आपण काय बोलतो? 'फक्त', 'शिवाय', 'हल्ली', 'अखेर'. हे सगळे फारसी-अरबीकडून आलेले. चित्रासकट कोणी आणलेले नाहीत. ते वाक्याच्या सांध्यांत जाऊन बसले, म्हणून टिकले.

आता कबूल केल्याप्रमाणे माझा आवडता शब्द. जर्मन 'दोख'. एवढासाच. कोणी नकारात्मक विचारलं, "तू येणार नाहीस?", आणि तुम्हाला जायचंच असेल, तर जर्मनमध्ये साधं 'हो' चालत नाही. 'दोख' म्हणावं लागतं. फ्रेंचमध्येही याच कामाला 'सी' असा वेगळा शब्द आहे. इंग्रजीत मात्र नुसतं 'हो' म्हणून भागत नाही, पुढे वाक्य जोडावं लागतं. जर्मन शिकणारी मंडळी मला सांगतात, बाई, 'दोख'ला मराठीत शब्दच नाही. मग मी विचारते, "तुम्हाला मराठी येत नाही का?" ते पटकन म्हणतात, "येतं की!"

तो 'की'.