येते, येईल, येणार

जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाचं शीर्षक मुंबईच्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. लोअर परळची फिनिक्स मिल गेली आणि तिच्या आवारात मॉल आला, हे त्याने पाहिलेलं असतं. मला मात्र हे शीर्षक पुन्हा वाचावं लागलं ते बेंगळुरूत, माझ्या गावी. मेट्रोने जाताना के. आर. पुरमनंतरचं स्थानक सिंगय्यनपाळ्य. त्याच्या जवळ त्याच गिरणी कंपनीचा मॉल आहे, नावही फिनिक्सच. राख परळला राहिली, पक्षी इथवर आला.

माझं बालपण मात्र के. आर. पुरमला लागून असलेल्या दूरवाणीनगरात गेलं. टेलिफोनला कन्नडमध्ये दूरवाणी म्हणतात. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे आयटीआय, १९४८ साली इथे उभी राहिली; स्वतंत्र भारतातला हा पहिला सार्वजनिक उद्योग. पोस्टांत, कचेऱ्यांत आणि मोजक्या घरांत दिसणारे जड काळे फोन इथे बनत. माझे वडील बेळगावहून इथे नोकरीला आले. घरात मराठी, शेजारी तमिळ, रस्त्यावर कन्नड. पुढे १९९०नंतर दूरसंचार क्षेत्र खुलं झालं, मग मोबाइल आला, आणि कारखाना आक्रसत गेला.

एम. ए.ला तौलनिक साहित्य शिकताना मी एका निबंधात लिहिलं होतं, की गिरणगावाला नारायण सुर्वे मिळाले, जयंत पवार मिळाले. दूरवाणीनगराला कोणी मिळालं नाही, कारण कायम नोकरीच्या उबेत साहित्य उगवत नाही. वाक्य टाळ्या घेणारं होतं. आज ते मला चूक वाटतं.

दोन संप शेजारी ठेवून पाहा. बेंगळुरूच्या सार्वजनिक उद्योगांतले कामगार डिसेंबर १९८०मध्ये संपावर गेले आणि ७७ दिवसांनी, मार्च १९८१मध्ये, कामावर परतले. त्यात आयटीआयचे कामगारही होते. पुढे दहा महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ला, मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पवारांचं ‘अधांतर’ (१९९७) त्या न मिटलेल्या संपाच्या सावलीत, चाळीतल्या एका खोलीत घडतं. गिरणी गेली, पण खोली राहिली. म्हणूनच आई आणि वाटा हरवलेली मुलं एका छताखाली एकमेकांवर आदळत राहतात. त्या नाटकाची ताकद त्या खोलीत आहे.

आमच्याकडे उलट झालं. कारखाना राहिला, खोली गेली. क्वार्टर नोकरीबरोबर मिळे आणि नोकरीबरोबर सोडावं लागे. महिन्याच्या अखेरच्या दिवशी कुणीतरी निवृत्त होई; हार, शाल, फळांची टोपली, आणि पुढे टेम्पोत सामान. एकाच दिवशी सगळ्यांचं सगळं गेलं, अशी तारीख इथे नाही आणि ‘अधांतर’ जिथे घडेल असं घरही नाही. कमतरता अनुभवाची नव्हती, त्याला एकत्र बसायला जागा नव्हती. दिलीप सुब्रमण्यन यांनी २०१०च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या कारखान्याचा इतिहास बारकाईने मांडला आहे. इतिहासाला खोलीवाचून चालतं, नाटकाला चालत नाही.

गेल्या खेपेला आमच्या जुन्या शेजारच्या अंकलना भेटले. निवृत्तीनंतर जवळच घर बांधून राहणारे. कारखान्याचं विचारलं तर म्हणाले, ‘आर्डर बरुत्तंते.’ हे वाक्य मराठीत आणताना मी अडले. शेवटच्या ‘अंते’साठी आपल्याकडे ‘म्हणे’ आहे. अडचण ‘बरुत्ते’ची. बोली कन्नडमधलं हे एकच रूप ‘येते’ही असतं आणि ‘येईल’ही. मराठीत मला निवड करावी लागते. ‘येईल म्हणे’ हा अंदाज झाला, ‘येणार म्हणे’ हे आश्वासन. केंद्राने २०१४ साली चार हजार कोटींहून मोठं पुनरुज्जीवन पॅकेज मंजूर केलं, तेव्हाची भाषा ‘येणार’ची होती. अंकल आश्वासन देत नव्हते. उपहासही करत नव्हते.

आणि इथेच गिरणगावाकडून घेतलेली नजर अपुरी पडते. पवारांच्या मोरात उपरोध आहे, आणि तो त्यांनी कमावलेला आहे, कारण तिथे राख खरोखर झाली होती. दूरवाणीनगरात अजून फाटक उघडतं, माणसं आत जातात. तोच उपरोध इथे उसना आणला, तर मी जिवंत माणसांवर मातीच लोटेन. पुनरुज्जीवन हा सरकारी शब्दही तेच करतो. आधी मेलेलं धरतो, मग जिवंत करतो. फिनिक्सची कथा तरी दुसरं काय करते?

माझ्या कच्च्या खर्ड्यात मी ‘येणार म्हणे’ लिहिलं होतं. ते खोडलं. त्याचं कारण अंकलच्या दारातच मिळालं होतं, फक्त उशिरा कळलं. निघताना मी सवयीने ‘बर्तीनि’ म्हणाले होते. कन्नडमध्ये निरोप घेताना येण्याचंच क्रियापद वापरतात, आणि मराठीतही उंबऱ्यावर ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. त्या ‘येते’मध्ये जाणंही असतं आणि परतण्याचा शब्दही, कधी, ते मात्र नसतं.

म्हणून आता खर्ड्यात आहे: ‘ऑर्डर येते म्हणे.’