नेमणूकपत्रानंतरची कथा

सोलापूरला १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला. या काळात आपल्या लेखकांनी पुष्कळ काही मराठीत आणले. मोहल्ला आला, दखनी बोली आली, दंगलीनंतरची रात्र आली, तलाकशुदा बाईचे दुःख आले, ‘तुम्ही मराठी कसे काय बोलता?’ या प्रश्नाला दिलेली चिडकी आणि कधी थकलेली उत्तरे आली. याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण एक दालन अजून बंदच आहे असे आम्हांला सारखे जाणवते, आणि ते बंद का राहिले याचा विचार व्हावा म्हणून हे टिपण.

आमच्या वाचनात येणाऱ्या कथांत एक तरुण वारंवार भेटतो. घरातला पहिला पदवीधर. वडील हातगाडीवाले, विणकर, मिस्त्री किंवा खाटीक. तो मुलाखतीला जातो, समोरचे साहेब अर्जावरचे नाव वाचतात आणि क्षणभर थांबतात. यापुढे कथेला दोनच वाटा असतात. नोकरी मिळत नाही आणि कथा अन्यायाची होते. किंवा नोकरी मिळते, अम्मी शुक्राच्या दोन रकात नफिल पढते, गल्लीत पेढे वाटले जातात आणि कथा संपते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता तो तरुण त्या खुर्चीवर बसतो तेव्हा काय होते? सहा महिन्यांनी काय होते? आपल्या कथेला हे माहीत नाही. माहीत असले तरी ती सांगत नाही.

असे का, याचे पहिले उत्तर सोपे आहे. नोकरीच जिथे दुर्मीळ, तिथे नोकरी मिळणे हीच मोठी घटना. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातले आकडे आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहेत. २००१ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येत १३.४ टक्के असलेला समाज भारतीय प्रशासन सेवेत ३ टक्के, पोलीस सेवेत ४ टक्के आणि रेल्वेत ४.५ टक्के होता. ज्या घरात दोन पिढ्यांत कोणी पगारपत्रकावर सही केली नाही, त्या घरातल्या मुलाने ‘माझे मन रमत नाही’ म्हणणे म्हणजे उपाशी माणसासमोर मीठ कमी आहे म्हणण्यासारखे. लेखकाला हे कळते. तो संकोचतो आणि पेढ्यांपाशी थांबतो.

पण हा संकोच नुसता आर्थिक नाही. त्याला आपल्याकडे एक धार्मिक शब्द चिकटला आहे – नाशुक्री. “लगी सो नौकरी छोडते क्या? नाशुक्रे!” हे वाक्य आपल्या घरांत किती तरुणांनी ऐकले असेल! ते ऐकल्यावर मुलगा गप्प होतो. त्याचे काय बिनसले आहे हे विचारायची मग कोणाला गरज उरत नाही. रिज्क देणारा अल्लाह, तेव्हा तक्रार कोणाविरुद्ध, असा युक्तिवाद. आमचे म्हणणे असे की शुक्र आणि सब्र या दोन थोर शब्दांचा आपण गप्प बसवण्यासाठी वापर करत आलो आहोत. हजरत अय्यूब अलैहिस्सलाम सब्राचे सर्वांत मोठे उदाहरण. त्यांनी आपल्या रबला हाक मारून आपल्यावर कष्ट ओढवल्याचे सांगितलेच ना? आणि तरीही कुरआनने त्यांना सब्र करणाऱ्यांतच गणले. हजरत याकूब यांनी आपल्या दुःखाचे गाऱ्हाणे अल्लाहपुढे मांडले. दुःख बोलून दाखवल्याने सब्र तुटत नसेल, तर आपल्या कथेतल्या कारकुनाने आणि मास्तरने तोंड का मिटून घ्यावे?

उर्दूची गंमत पाहा. गालिबचा एक किस्सा आपल्या मुशायऱ्यांत आणि लग्नाच्या मांडवांतसुद्धा रंगवून सांगितला जातो. १८४२ साली दिल्ली कॉलेजात फारसी शिकवण्याच्या जागेसाठी त्याला बोलावणे आले. तो पालखीतून गेला, साहेब स्वागताला बाहेर आले नाहीत म्हणून आत न जाताच परत फिरला. इज्जत वाढावी म्हणून नोकरी करायची, असलेली घटावी म्हणून नाही, असा त्याचा बाणा. ‘आबे हयात’मुळे हा किस्सा अमर झाला. पण त्याच गालिबने १८५० साली बहादूरशहाच्या दरबारात तैमूरी घराण्याचा इतिहास लिहिण्याचे काम सालिना सहाशे रुपयांवर पत्करले, तो पगार सहा महिन्यांनी मिळे आणि तोवर कर्ज चढे, म्हणून पगार दरमहा मिळावा अशी विनंती करणारा कता त्याने बादशहाला लिहिला, हे कोणी मांडवात सांगत नाही. आम्हांला ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. पालखी परतवणे ज्याला जमते त्याने जरूर परतवावी. ज्याला आत जावे लागले, नावडते काम दरमहा करावे लागले, आणि तरी ज्याने त्यातून विनोद आणि कविता काढली, तो माणूस आपल्या घरातल्या मुलांच्या अधिक जवळचा आहे.

विसाव्या शतकातल्या उर्दू कथेने हे ओळखले. राजिंदरसिंग बेदी १९३३ पासून दहा वर्षे लाहोरच्या टपाल खात्यात कारकून होते. त्यांच्या ‘गरम कोट’ या कथेचा निवेदक कारकूनच आहे. (१९५५ साली तिच्यावर याच नावाचा चित्रपट निघाला, बलराज साहनी त्यात होते.) कथेत कचेरी जवळजवळ नाहीच. आहे तो विरलेला कोट, बायकोमुलांच्या मागण्यांची यादी आणि दहा रुपयांची एक नोट, जी हरवते आणि कोटाच्या अस्तरात सापडते. शेवटी बायको ती नोट घेऊन बाजारात जाते आणि मुलांच्या वस्तू न आणता नवऱ्याच्या कोटाचे कापड आणते. वाचक हळवा होतो, आणि ते योग्यच आहे. पण आम्हांला या कथेत दुसरेही काही दिसते. हा माणूस नोकरीबद्दल बोलत नाही, कारण नोकरीने त्याला बोलण्यासारखे काही दिलेलेच नाही. त्याचे सगळे जगणे कचेरी सुटल्यावर सुरू होते. निष्फळ नोकरी सोसण्याची ही एक रीत झाली, घराच्या मायेवर तगून राहण्याची. ती खरी आहे. तिची किंमत मात्र घरातल्या बाईने मोजलेली असते, हे बेदींच्या नजरेतून सुटत नाही.

गुलाम अब्बास यांची ‘कतबा’ याहून कठोर आहे. शरीफ हुसेन हा दुय्यम दर्जाचा कारकून. संध्याकाळी कचेऱ्यांतून बाहेर लोटणाऱ्या गर्दीतला एक. जुन्या सामानाच्या दुकानात त्याला संगमरवराचा एक तुकडा दिसतो. तो विकत घेतो, त्यावर आपले नाव कोरून घेतो. बढती होईल, स्वतःचे घर होईल, तेव्हा दारावर लावू. बढती होत नाही. पाटी घरात एका जागेवरून दुसऱ्या जागी हलत राहते. तो निवृत्त होतो, मरतो, आणि मुलगा ती पाटी त्याच्या कबरीवर लावतो. ही कथा आपल्याकडे ‘गरिबाचे स्वप्न’ म्हणून वाचली जाते. हे वाचन अपुरे आहे. शरीफ हुसेनला घर मिळाले नाही, हे त्याचे मुख्य दुःख नव्हेच. आपले नाव ज्याच्यावर शोभेल असे एकही काम त्याच्या हातून त्या कचेरीने करून घेतले नाही. म्हणून नाव दगडावर गेले. पहिल्या नोकरीच्या पहिल्या वर्षात प्रत्येक शिकलेला माणूस असा एक दगड विकत घेतो. ‘हे तात्पुरते आहे, पुढे खरे काम मिळेल’ हे वाक्य म्हणजे तो दगड. गुलाम अब्बास कोठेही शरीफ हुसेनची कीव करत नाहीत, त्याला हसतही नाहीत. पाटी आता कोठे ठेवली आहे, एवढे ते सांगत राहतात.

मराठीत हे काम दोन वेगळ्या दिशांनी झाले. बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतला निवेदक रेल्वेतल्या नव्या नोकरीवर सुरतेला रुजू होतो. नोकरी मिळाली, पण राहायला खोली हवी, आणि खोलीसाठी जात लपवावी लागते. जात उघड होते, मार बसतो. आमच्या मते ही पहिल्या नोकरीचीच कथा आहे, जरी तशी ती कोणी वाचत नाही. नेमणूकपत्राने माणूस रुजू होतो, त्याची जात रुजू होऊ दिली जात नाही, हे बागुलांनी नेमके पकडले. ‘बलुतं’मध्ये दया पवार परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या नोकरीबद्दल लिहितात, तेही शिक्षणाने नेमके कोठे आणून सोडले या प्रश्नासकट. दुसऱ्या दिशेला नेमाड्यांचा चांगदेव पाटील. ‘बिढार’पासून ‘झूल’पर्यंत तो गावे आणि कॉलेजे बदलत राहतो. त्याचा कंटाळा अस्सल आहे, त्याची चीडही. पण चांगदेवला नोकरी सोडता येते. त्याच्यामागे गाव आहे, शेती असलेले घर आहे. आपला पदवीधर नोकरी सोडून कोठे जाणार? गॅरेजवर? त्यामुळे चांगदेवचे अनुकरण करणाऱ्या आपल्या काही तरुण लेखकांचे नायक शेवटच्या पानावर राजीनामा फेकतात तेव्हा आमचा विश्वास बसत नाही. राजीनाम्यानंतरच्या पहिल्या तारखेला घरभाडे कोणी दिले, हे लेखकाने सांगावे.

वास्तविक आपल्या लेखकांना ही सामग्री शोधायला दूर जावे लागत नाही. मुस्लिम मराठी लेखकांत शिक्षक-प्राध्यापक किती आहेत ते मोजून पाहावे. कीर्तिशेष फकरुद्दीन बेन्नूर सोलापूरच्या महाविद्यालयात शिकवत होते. त्यांच्या मागून आलेल्यांतही अध्यापन करणारेच जास्त. आणि महाराष्ट्रात २००० नंतर शिक्षकाची पहिली नोकरी म्हणजे शिक्षणसेवकाची. तीन वर्षे मानधनावर. प्राथमिकला दरमहा तीन हजार रुपये. पुढे ते सहा हजार झाले, आणि २०२३ मध्ये सोळा हजार. जो विनाअनुदानित शाळेत गेला त्याला हेही वेळेवर मिळेल याची खात्री नव्हती. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला सुटीत काहीच नाही. आता या जगाकडे कथाकाराच्या नजरेने पाहा. एम.ए. झालेला तरुण, गालिब आणि केशवसुत दोन्ही वाचलेला, पटसंख्या टिकवण्यासाठी उन्हात घरोघर फिरतो. खिचडीचा हिशेब लिहितो. जनगणनेची, निवडणुकीची कामे करतो. शिक्षकांच्या खोलीत त्याला कोणी वाईट बोलत नाही. फक्त ईदच्या दुसऱ्या दिवशी ‘शीरखुर्मा कोठे आहे?’ एवढा एकच संवाद वर्षभरात त्याच्याशी मनापासून होतो. यात दंगल नाही, मुलाखतीतला अन्याय नाही. म्हणूनच ते लिहायला अवघड आहे. आपल्यापैकी कित्येकजण यातून गेले, वर्गातून बाहेर आल्यावर त्यांनी कवितेत लिहिले ते मात्र बाबरी आणि गुजरातबद्दल. तेही लिहायलाच हवे होते. पण वर्गाबद्दल कोण लिहिणार?

इथे एक फरक करणे भाग आहे. आपल्या मुलींची पहिली नोकरी हा वेगळाच विषय आहे. ज्या बालवाडीत किंवा उर्दू शाळेत भाऊ कंटाळून जातो, त्याच नोकरीत बहिणीला पहिल्यांदा स्वतःचा एस.टी.चा पास मिळतो, स्वतःच्या नावाचे बँकेचे पुस्तक मिळते, आणि दुपारचे जेवण कोणाला वाढल्याशिवाय जेवता येते. काम नीरसच असते. तिलाही ते कळते. पण तिच्या कथेत नीरसपणा आणि मोकळीक एकाच डब्यात असतात, आणि ते वेगळे करायची तिला घाई नसते. पुरुष लेखकांच्या कथांत ही नोकरदार बहीण दिसते तेव्हा ती फक्त त्याग करते. लग्न लांबवते, भावाची फी भरते. तिला शाळेत काय आवडते, काय नकोसे होते, हे विचारायला लेखक थांबत नाही. हे आता स्त्रियांनीच लिहावे. लिहीत आहेत त्यांच्या कथा आम्ही वाट पाहून वाचतो.

कोणी म्हणेल, समाजापुढे एवढे प्रश्न असताना कारकुनाच्या आणि मास्तरच्या कंटाळ्याला काय कुरवाळायचे? आम्हांला वाटते, कंटाळा हा पोट भरलेल्यांचाच मक्ता आहे, असे मानणे हेच आपल्याला कमी लेखणे आहे. आपल्या शिकलेल्या मुलाला अन्याय झाला तरच दुःख होते, एरवी तो कृतज्ञ असतो, असे चित्र बाहेरच्यांना सोयीचे आहे. आपणही ते का रंगवावे?

पुढच्या अंकासाठी कथा पाठवणाऱ्या तरुण मित्रांना एक सुचवावेसे वाटते. ‘कतबा’ पुन्हा वाचावी, आणि तो संगमरवर कोणकोणत्या जागी ठेवला गेला त्याची नोंद करीत वाचावी. मग आपल्या घरातल्या पदवीच्या प्रमाणपत्राकडे पाहावे. दीक्षान्त समारंभाच्या दिवशी ते कोठे होते, अर्जाच्या झेरॉक्ससाठी किती वेळा बाहेर निघाले, लॅमिनेट कोणी करून आणले, आणि शिक्षणसेवकाची तीन वर्षे संपली त्या दिवशी अम्मीच्या पेटीत ते कशाखाली पडले होते.