नीलाविस्तारणोपचार : एक चिकित्सा

मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीत शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंच्या वेष्टनावर आघात करते, हे मत सामान्यतः मान्य आहे. इटलीतील फेरारा येथील शल्यविशारद पाओलो झांबोनी यांनी २००९ मध्ये निराळी उपपत्ती मांडली. मान व छाती यांतील नीला अरुंद झाल्याने मेंदूतील रक्ताचा निचरा खुंटतो व त्यातून व्याधी बळावते, असे तिचे सार होते. नीलेत फुगा सारून ती रुंद करण्याचा उपचार त्यांनी ६५ रुग्णांवर केला.

या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हा त्याचा मूलभूत दोष होय. हा रोग बहुधा चढउताराचा असतो. तेव्हा उपचारानंतर आलेला उतार उपचारामुळेच आला, असे म्हणता येत नाही. परंतु परीक्षणापूर्वीच उपचाराची कीर्ती पसरली. कॅनडातील रुग्ण पोलंड, मेक्सिको व भारत येथे जाऊन तो करवून घेऊ लागले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनास त्यातील धोक्यांविषयी इशारा द्यावा लागला.

पुढे कॅनडात १०४ रुग्णांवर रीतसर परीक्षण झाले. काहींच्या नीला रुंदावल्या, तर काहींवर केवळ लटकी क्रिया केली. कोणावर काय केले, हे रुग्णांस कळू दिले नाही. वर्षभराने दोन्ही गटांत उल्लेखनीय भेद आढळला नाही. खुद्द झांबोनी यांच्या इटालियन परीक्षणाचा निष्कर्षही असाच निघाला.

येथे एक आक्षेप संभवतो. इटालियन परीक्षणात रक्तप्रवाह सुमारे निम्म्याच रुग्णांत पूर्ववत झाला. मग दोष उपपत्तीचा की क्रियेचा? उपचार फसल्याने उपपत्ती आपोआप खोटी ठरत नाही, हे खरे. परंतु २०१३ च्या कॅनेडियन पाहणीत अशा अरुंद नीला ७४ टक्के रुग्णांत, ६६ टक्के भावंडांत व ७० टक्के इतर निरोगी व्यक्तींत आढळल्या होत्या. जे निरोग्यांतही तितकेच आढळते, त्यास रोगाचे कारण कसे म्हणावे? उपपत्तीचा पाया ढासळला तो येथे.

२०१६ च्या कायद्याने ही व्याधी भारतात दिव्यांगत्वाच्या यादीत आली. नांदेड-लातूरकडील एखादे कुटुंब शेत विकून पुण्या-हैदराबादेस नव्या उपचाराची आशा घेऊन जाते, तेव्हा ‘किती जणांस गुण आला?’ एवढेच विचारते. ‘उपचाराविना किती जणांस आला असता?’ हा प्रश्न त्याच्या वतीने अभ्यासकानेच विचारावयास हवा, आणि तोही उपचाराचा बोलबाला होण्यापूर्वी.