‘हर्क्युलियन’चें मराठी

इंग्रजींतील ‘हर्क्युलियन’ हें विशेषण मराठींत आणतांना आमचे भाषांतरकार दोन शब्दांवर भिस्त ठेवतात. माणूस बलदंड असला तर ‘भीमकाय’, आणि काम अवघड असलें तर ‘भगीरथ प्रयत्न’. ही वांटणी सोयीची खरी. पण ती डोळे मिटून केली म्हणजे मूळ शब्दांतील अर्थ हातचा जातो, असें आम्हांस वाटतें.

हर्क्युलिस हें रोमन रूप. त्या वीराचें ग्रीक नांव हेराक्लीस, म्हणजे ‘हेरा देवीची कीर्ति’. गंमत अशी कीं, ही सावत्र आईच जन्मभर त्याच्या जिवावर उठली होती. तिनें घातलेल्या वेडाच्या भरांत त्यानें स्वतःचीं मुलें मारिलीं, आणि त्या पापाच्या क्षालनार्थ एका भ्याड राजाची चाकरी पत्करून बारा कामें केलीं. म्हणजे या शब्दांत बळ आहे तसें प्रायश्चित्तहि आहे. आमच्या ‘भीम’ शब्दाचा धातु ‘भी’, म्हणजे भिणें. जालना जिल्ह्यांतील जांब येथें १६०८ सालीं जन्मलेल्या समर्थ रामदासांनीं मारुतीला ‘भीमरूपी’ म्हणून आळविलें, तेथेंहि हाच उग्र अर्थ आहे. त्याच जिल्ह्यांतल्या शहागडच्या वाचकाला तें स्तोत्र लहानपणापासून पाठ. त्याला ‘भीमकाय’ शब्दांत पश्चात्तापाची छटा कोठून दिसणार?

भगीरथाची गोष्ट याहून नाजूक आहे. हेराक्लीसानें ऑजियस राजाचे वर्षानुवर्षें न झाडलेले गोठे दोन नद्यांचे प्रवाह वळवून एका दिवसांत धुऊन काढले. भगीरथानेंहि नदीच आणली. पण दंडाच्या जोरावर नव्हे. अंशुमान आणि दिलीप यांचे जन्म ज्यांत सरले तें काम त्यानें तपानें तडीस नेलें, तेंहि साठ हजार पूर्वजांच्या उद्धारासाठीं. तेव्हां पहिलवानानें घटकाभरांत उरकलेल्या कामाला ‘भगीरथ प्रयत्न’ म्हणणें ही आमच्या मतें उघड चूक होय. (गोदाकांठीं ‘गौतम प्रयत्न’ असा वाक्प्रचार कां रूढ झाला नाहीं, याचें मात्र नवल वाटतें. गोदा आणण्याचें श्रेय पुराणें गौतमालाच देतात.)

शहागडच्या वरच्या अंगास, पैठणला, जायकवाडीचें धरण १९६५ सालीं सुरू होऊन १९७६ सालीं पुरें झालें. इंग्रजी लेखक त्याला बिनदिक्कत ‘हर्क्युलियन’ म्हणेल. मराठींत अकरा वर्षांच्या त्या चिकाटीला ‘भगीरथ प्रयत्न’ शोभतो. पण ज्यांचीं गांवें पाण्याखालीं गेलीं त्यांच्या तोंडीं तो बसणार नाहीं. त्यांना ‘भीम’ हाच शब्द, त्याच्या धातूसकट, जवळचा वाटेल. भाषांतरकाराला निर्णय करवत नसेल तर ‘अचाट’ हा साधा शब्द आहेच. त्याला कोणाचें पुराण लागत नाहीं.